धुळा कोळेकरचे डोळे

सकाळी पावणेदहाला मायाक्का कोळेकर आमच्या विट्यातल्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. तिचा नवरा धुळा आठवड्यापूर्वी वारला होता. विट्याच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या रानात मेंढरं बसवलेली असताना, पहाटेच्या अंधारात एका ट्रकनं त्याला उडवलं. ट्रक सापडला नाही.

हे १९८३ सालचं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि आटपाडीकडच्या धनगरांचे कळप रोज गावावरून पश्चिमेला, घाटाकडं सरकत होते. मी दुकान उघडायला आलो तेव्हा ती पायरीच्या कडेला रस्त्याकडं पाठ करून बसली होती. झोळीत वर्षाची मुलगी.

"फोटूवालं तुमीच का?"

"मी कामाला आहे. मालक येतील एवढ्यात."

"पोलीस म्हनलं, आमच्या मालकाचा फोटू हितं हाय."

फोटो आमच्याकडं होता. त्या काळी आमच्या ठाण्यात कॅमेरा नव्हता. अपघात झाला, विहिरीत कुणी सापडलं, की पोलीस अण्णांना बोलवायचे. अण्णा म्हणजे रघुनाथ माळवदे, स्टुडिओचे मालक. धुळाचा फोटो त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढला होता आणि फ्लॅश मी धरला होता. एक प्रिंट पंचनाम्याला गेली. निगेटिव्ह दुकानात राहिली. जरा काळपट निघालेली एक प्रिंट ड्रॉवरमध्ये पडून होती, ती मी तिच्या हातात दिली.

तिनं ती उजेडाला धरली. बराच वेळ पाहिली. रडली नाही.

"डोळं झाकल्यात."

"हो."

"उघडून देतासा न्हवं? आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचं दिलं व्हतासा. मेल्याली म्हातारी, फोटूत कशी टकाटका बगतीया."

ती खरं सांगत होती. तो आमचा धंदा होता, आणि दुकानात ते काम माझ्याकडं होतं. भागात कितीतरी माणसं एकदाही कॅमेऱ्यापुढं न बसता मरायची. मग तिरडी उचलायच्या आधी कुणीतरी सायकलवरून अण्णांना न्यायला यायचं. अण्णा चेहऱ्याचा फोटो काढायचे, आणि मी मोठ्या प्रिंटवर ब्रशनं मिटलेल्या पापण्या घालवून डोळे उघडायचो. विस्कटलेले केस बसवायचे, नाकातला कापूस काढायचा, अंगात कोट घालायचा. त्या रंगवलेल्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढला की भिंतीवर लावायचा माणूस तयार व्हायचा. कोल्हापुरातून चित्रकलेचा डिप्लोमा करून मी परत आलो त्याला तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत जिवंत माणसाचं एकही चित्र माझ्या हातून पुरं झालं नव्हतं.

डोळ्यांचे नमुने ठरलेले होते. पुरुषांचा एक, बायकांचा एक. अण्णांच्या गुरूंनी ते बसवलेले. मोठे, शांत, पाणीदार. अण्णा पाहुण्यांना सांगायचे, "तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवरनं आपलंच दुकान बघतंय."

मायाक्काला मी शनिवारी यायला सांगितलं.

"नक्की न्हवं? सोमवारी आमची मेंढरं हितनं फुडं जात्यात. घाट उतरल्यावर जेठापतूर माघारी येणं न्हाई."

"शनिवारी नक्की."

ती उठली, दोन पावलं गेली आणि परत वळली. "पोरीनं बाला नीट बगितलं न्हाई, त्येचं जाऊ द्या. ल्हान हाय. पर बानं तरी पोरीकडं बगाय पायजे. एवडंच हाय माझं." आणि झोळी सावरून ती गेली.

मलाही शनिवारी हात मोकळे करायचे होते. सोमवारपासून मी चित्रकला शिक्षक होणार होतो. कराडजवळच्या एका संस्थेच्या हायस्कुलात जागा मिळाली होती, कायमची. नेमणूक झाल्याचं कळलं त्या दिवशी वडील मला जन्मात पहिल्यांदा हॉटेलात चहाला घेऊन गेले. आईनं गल्लीत पेढे वाटले. मुलगा मेलेल्यांच्या तोंडावर ब्रश फिरवतो हे तिला कुणाला सांगवत नसे. ती 'फोटोच्या दुकानात असतो' एवढ्यावर भागवायची.

शुक्रवारी दुपारी मी धुळाला डोळे बसवले. नेहमीचे. डोक्याला पटका बांधला, दाढीचे खुंट साफ केले. शनिवारी मायाक्का आली. तिनं फोटो पाहिला आणि मुलीच्या तोंडापुढं धरला. मुलगी तो चाटायला लागली. मायाक्कानं तो मागं घेतला.

"हे मास्तराचं डोळं हायती."

"म्हणजे?"

"बुकं वाचनाऱ्याचं. आमचं मालक असं न्हवतं." मग तिनं फोटो काउंटरवर उभा केला, स्वतः डावीकडं सरकली, उजवीकडं सरकली, वाकून खालून पाहिलं. "आनि ह्यो बगतोय कुणाकडं?"

मी काउंटरच्या बाहेर येऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. कुठूनही पाहिलं तरी धुळा कोळेकर आमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघत होता. नमुनाच तसा होता. तो मी कितीदा काढला होता याची गणती नव्हती, आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

अण्णा आतून आले. "झकास झालाय की, बाई. पाव्हणेरावळे नाव ठेवणार नाहीत."

"पाव्हन्यांचा नवरा न्हवं त्यो," मायाक्का म्हणाली.

अण्णांना हसू आलं. मला आलं नाही.

"परत काढतो," मी म्हणालो. "तुम्ही समोर बसा, मला सांगत जा, तसं मी काढतो. आता बसता?"

"आता कुटलं? कळप लांब हाय, दीर वाट बगत बसलाय. सोमवारी सकाळी येती. तवा मेंढरं तुमच्या दारावरनंच जायाची हायती."

"या सोमवारी."

ती गेल्यावर अण्णांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी तू कुठं असणार आहेस, जयसिंग?"

मी फोटो उचलला.

"मी देतो तिला हाच," अण्णा म्हणाले. "चार दिवसांनी तिचं तिलाच पटंल. आजवर कुणी तक्रार घेऊन परत आलंय?"

"तो कुणाकडंच बघत नाही, अण्णा."

"मुद्दामच नाही बघत. माझ्या गुरूंनी विचार करून बसवलंय ते. मेलेल्या माणसानं सरळ बघितलं की घरात कटकटी सुरू होतात. थोरल्याकडं बघतोय, माझ्याकडं का बघत नाही? त्यापेक्षा वर बघू दे की त्याला."

रविवारी मी संस्थेच्या सचिवांच्या घरी गेलो आणि मंगळवारी रुजू झालो तर चालेल का, असं विचारलं. ते झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते.

"घरात आजारी आहे का कुणी?"

"नाही. एक काम अपुरं आहे."

"कसलं?"

मी सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली.

"मेलेल्या माणसाला काय एवढी घाई आहे हो?"

"त्याला नाही. कळपाला आहे."

"हे बघा मोहिते. सोमवारी शाळेची घंटा झाली आणि मस्टरवर तुमची सही नसली, तर तिथं अध्यक्षांचा भाचा सही करेल. तो दारातच उभा आहे. तुमचं काम मला आवडलं होतं म्हणून स्पष्ट सांगतो. नंतर माझ्याकडं येऊ नका."

तेव्हा कुणी कारण विचारलं असतं तर 'काम अपुरं आहे' यापलीकडं मला सांगता आलं नसतं. घरी मी काहीच बोललो नाही. सोमवारी आईनं डबा भरून दिला, वडिलांनी स्वतः इस्त्री केलेला शर्ट पुढं केला. तो घालून मी स्टुडिओत गेलो.

कळप स्टँडसमोरून गेला. एसट्या खोळंबल्या, ड्रायव्हर शिव्या द्यायला लागले, धुळीत समोरचं दुकान दिसेना. त्यातून मायाक्का बाहेर आली आणि सरळ आत येऊन खाली बसली. अण्णांनी माझ्या शर्टाकडं पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि डार्करूममध्ये निघून गेले.

मी नवी प्रिंट बोर्डाला लावून ठेवली होती. मुलीला पडद्यापुढं सोडलं. ती पडद्यावर रंगवलेल्या कारंज्यावर हात मारत बसली.

"सांगा."

"बारीक व्हतं. उनात बगून बगून बारीक झाल्यालं."

"किती बारीक?"

"आता किती म्हंजी? मापटं घालून दिऊ व्हय?"

मी काढलं. ती पुढं सरकून बघायला लागली.

"हे मेंढराचं झालं."

"मेंढराचे कसे काय?"

"मेंढराच्या डोळ्यात काय नसतंय. नुस्तं बगतंय. कुत्र्याच्या डोळ्यात तरी काय आसतंय."

"मग कुत्र्याचे काढू?"

"तुमाला फोटूवाला कुनी केलं?" ती म्हणाली, आणि हसली. आली तेव्हापासून पहिल्यांदाच. "पुसा ते. उजव्या भिवईत खोक घाला. ल्हानपनी एडक्यानं हानल्याली."

फ्लॅशच्या उजेडात ती खूण फोटोत आलीच नव्हती. मी ती घातली. चेहरा जरा बदलला.

"मेंढरू लंगडायला लागलं की कसे बघायचे?"

"आसं." तिनं मान कलती केली, डोळे बारीक केले, कपाळाला आठी घातली. क्षणभर तिचा चेहरा पुरुषी दिसला. मी भराभर ब्रश चालवला.

"आभाळ आल्यावर?"

तिनं तेही करून दाखवलं. मग पोलिसांपुढं कसे उभे राहायचे ते दाखवलं, उधारीवर कुणी मेंढरू मागितलं की कसे ऐकू न आल्यासारखे बघायचे ते दाखवलं. सोंगं वठवण्यात ती पटाईत होती. शाळेची वेळ केव्हाच होऊन गेली होती. मी दुसऱ्या डोळ्याच्या पापणीवर होतो.

"आणि तुमच्याकडं?"

ती मुलीकडं वळून बघायला लागली.

"तुमच्याकडं कसे बघायचे?"

"बगायचं की," ती म्हणाली. "न बगायला काय झालं?"

"कसे?"

तिनं तोंड माझ्याकडं केलं आणि सरळ बघितलं. डोळे बारीकच, पण आठी गेलेली. खालच्या पापण्यांना किंचित ताण, काहीतरी विचारायचं असल्यासारखा. आधीची सोंगं ती पटकन टाकून देत होती. हे तिनं टाकलं नाही. मी प्रिंटकडं जेमतेम बघत, तिच्याकडं बघत काढत राहिलो.

बोलण्याच्या नादात तिचा पदर खांद्यावर आला होता. काम झाल्यावर मी बोर्ड उचलून तिच्यासमोर भिंतीला टेकवला. तिनं एकदाच बघितलं. मग पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढून घेतला, तोंड एका बाजूला केलं, आणि सोप्यात घरधनी आल्यावर बायका अंग चोरून सरकतात तशी मागं सरकून बसली.

"बास," ती म्हणाली. "झालं."

अण्णा डार्करूमच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी कॅमेरा स्टँडला लावला.

प्रिंट वाळेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. दुपारी फोटो कापडात गुंडाळून तिनं झोळीत मुलीच्या पाठीशी घातला आणि कळप गेला त्या रस्त्यानं चालू लागली.

मी शाळेत गेलो नाही हे घरी दुसऱ्या दिवशी कळलं. भाच्यानं सही केली होती. वडील बरेच महिने माझ्याशी बोलले नाहीत. आई एवढंच म्हणाली, "पेढे परत कसे मागू?"

धुळाच्या फोटोची एक प्रिंट अण्णांनी दुकानाच्या शोकेसमध्ये लावली. ती बघून माणसं थांबायची. काही आत येऊन 'असा काढून द्या' म्हणायची. ठरलेले नमुने मी पुन्हा वापरले नाहीत. गावोगाव जाऊन मयताच्या घरच्यांना समोर बसवायला लागलो. काय बघायचे, कसे बघायचे, असं विचारत विचारत शेवटी तो प्रश्न विचारायचा, 'आणि तुमच्याकडं?' त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी जेवढं मन लावून काम केलं तेवढं त्याआधी कधी केलं नव्हतं. त्याला कला म्हणायचं की धंदा, हा कॉलेजातला वाद माझ्या डोक्यातून गेला होता.

जेठात कळप परतले. एके दिवशी पंचविशीचा एक माणूस शोकेससमोर उभा राहिलेला दिसला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. बराच वेळ उभा राहून तो आत आला.

"मी सिदू कोळेकर. धुळाचा भाऊ."

"बसा."

तो बसला नाही. "त्यो काचंतला फोटू भाईर काडा."

"का हो?"

"त्यो दादा न्हाई."

"तुमच्या वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं तसाच..."

"ठावं हाय मला. आमच्यातबी तसलाच लावायचा म्हनत व्हती. भांडान झालं." त्यानं काठी दाराला टेकवली. "दादा मानसाकडं बगत न्हवता, मालक. बोलला तरी मेंढराकडं बगून, न्हाईतर आभाळाकडं. बाशी बोलला तरी तसंच. लग्नात अंतरपाट काडला, तर नवरीकडं बगायचं सोडून ह्यो मांडवाभाईर बांदलेल्या एडक्याकडं बगतोय. समदी हसली. वहिनीचं नि त्येचं फुडंबी..." तो थांबला. "जाऊ द्या. वाईट न्हवता. मारत न्हवता, पीत न्हवता. पर बगत न्हवता."

मी शोकेसचं दार सरकवून फोटो बाहेर काढला. त्यानं तो हातात घेतला नाही, लांबूनच बोट दाखवलं.

"ह्यो दादा बगत न्हाई. ही वहिनी बगतीया."

फोटो काउंटरवर आमच्या दोघांच्या मध्ये होता, आणि तो आमच्यापैकी ज्यानं त्याच्याकडं पाहिलं त्याच्याकडं बघत होता.

"मला डोळं झाकल्याला द्या," सिदू म्हणाला. "त्यो खरा हाय."

जुनी निगेटिव्ह होती. मी ती काढून दिली. पटका बांधला नाही, दाढी केली नाही, भिवईतली खोकसुद्धा घातली नाही. पैसे अण्णांनी नेहमीचे घेतले. सिदूनं फोटो दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि तो गेला.

दुकान बंद करताना अण्णांनी विचारलं, "खरं कुणाचं?"

"माहीत नाही."

"त्या दिवशी बाईनं पदर घेतला तो मी बघितलाय," अण्णा म्हणाले. "ते काय सोंग नव्हतं." आणि शोकेसमध्ये त्यांनी एका नवरीचा फोटो लावला.

अण्णा पुढं दहाएक वर्षांनी गेले. स्टुडिओ मी चालवायला घेतला. ब्रश गेले, कॉम्प्युटर आला. आता मरणाऱ्या बहुतेकांचे फोनमध्ये पुष्कळ फोटो असतात, तरी एखादा म्हातारा, एखादी बाळंतपणात गेलेली मुलगी असते जिचा नीट असा एकही नसतो, आणि कुणीतरी येतं. तो प्रश्न मी अजून विचारतो. मिळालेलं उत्तर पडताळून बघत नाही.

गेल्या पौषात मेंढ्यांच्या बाजारात सिदू कोळेकर भेटला. मीच ओळख दिली. कळप त्यानं विकलाय, गुडघे गेलेत. बंद डोळ्यांचा फोटो त्याच्या घरात आहे. मायाक्का त्याच वर्षी मुलीला घेऊन माहेरी, जतकडं निघून गेली. मुलीचं लग्न झाल्यावर ती तिच्याकडंच राहायला गेली.

"आहेत अजून?"

"हाय की. गेल्या साली बाजारात दिसल्याली."

"तो फोटो लावलाय का त्यांनी?"

"आमी तिच्या उंबऱ्याच्या आत गेलो न्हाई," सिदू म्हणाला. "तुमीच बगून या."

मुलीच्या सासरचं गाव त्यानं सांगितलं. ते विट्यापासून एसटीनं दोन तासांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.